पांढऱ्या भिंतीपासून एक फेरी

माझी अभ्यासाची खोली आमच्या जागेत नव्हती. ती सरकारी मैदानावर होती. सगळी नाही, पण पलंग आणि टेबल मावेल इतकी तरी. हे मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी कळलं आणि ते मीच शोधून काढलं, एक दोरी आणि अर्धं पोतं चुना घेऊन. कोणी मला ते शोधायला सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते एवढंच, की मोहल्ल्यातल्या लोकांना सकाळी चालायची सवय लावायची.

आम्ही झाशीत नगऱ्याला राहायचो. बाबूजी रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. गल्लीत सगळेच वडिलांना बाबूजी म्हणायचे, म्हणून आम्हीही. आमचे कोणी पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इथे आले आणि राहून गेले, यापलीकडे बाबूजींनाही आमच्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. घरात मराठी बोलायची ती आई. आम्ही भावंडं अर्धं ऐकायचो मराठीत आणि उत्तर द्यायचो हिंदीत. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजात जे सांगतील ते मला शंभर टक्के खरं वाटायचं आणि ते अगदी तसंच करावंसं वाटायचं. आता वाटतं, जरा कमी वाटायला हवं होतं.

आमचे सेवा योजनेचे सर गरौठ्याकडचे, शेतकरी घरातले. हळू आवाजात बोलायचे. ते म्हणाले, खुली सरकारी जमीन हा असा आखाडा आहे की जिथे कोणाला फी पडत नाही, आणि आपण तिथे म्हशी बांधतो. प्रत्येकानं आपल्या घराजवळचं एक मैदान निवडायचं. महिनाभर लोकांना तिथे चालायला आणायचं. येणाऱ्यांची नोंद रजिस्टरात ठेवायची. शेवटी चालायच्या वाटेचा नकाशा काढून द्यायचा. चांगले नकाशे ते वर पाठवणार होते, म्हणजे तिथे झाडं आणि बाकं मिळतील.

'वर' म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. वर्गात प्रश्न विचारायला मला फार भीती वाटायची.

आमच्या घरामागे मैदान होतंच. त्याच्या मध्ये कडुनिंब, एका बाजूला हातपंप आणि कडेनं घरांच्या पाठी. प्रत्येक घराची पाठ थोडी थोडी मैदानात आलेली होती. शेजारच्या चाचीच्या दोन म्हशी आणि गोवऱ्यांची रास. पलीकडे निवृत्त गार्डसाहेबांची न्हाणी. मी लहानपणापासून हे असंच बघितलं होतं. त्यात कोणाची जागा कुठे संपते, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

रजिस्टर घेऊन मी घरोघरी गेले. त्यात चार रकाने होते: नाव, वय, मकान नंबर, सही. गार्डसाहेबांनी ते शेवटच्या पानापासून उलटं चाळलं आणि विचारलं की मोहर, म्हणजे सरकारी शिक्का, कुठे आहे. मी म्हटलं, मोहर नाही. त्यांनी मान हलवली. ज्या कागदावर मोहर नाही त्यावर ते सही करत नाहीत, असं म्हणाले. मग म्हणाले की मोहर असती तर त्यांनी आधी वकिलाला दाखवलं असतं. चाची म्हशीला पाणी दाखवत होती. तिनं वर न बघताच विचारलं, "घूमबे खों मकान नंबर काए चाने, बिन्नू?"

चालायला घराचा नंबर कशाला, हे मलाही कोणी सांगितलं नव्हतं. रकाना आखलेला होता, एवढंच मला माहीत होतं.

पहिला आठवडा मी एकटीच चालले. नवे कॅनव्हासचे बूट घालून कडुनिंबापासून हातपंपापर्यंत आणि परत. लोक आपापल्या मागच्या दारात उभे राहून दातून चघळत माझ्याकडे बघायचे. मी जवळ आले की आत जायचे. एक दिवस तर मी हातपंपाशी वाकून बुटाची लेस बांधली, तेव्हा समोरच्या दारात तिघं जमले. मी जमिनीवर काय बघितलं, ते त्यांना बघायचं होतं.

खरं तर मला सगळ्यात जास्त आई यायला हवी होती. तिला साखरेचा आजार निघाला होता. पाय सुजायचे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रोज तासभर चालायला सांगितलं होतं. आई म्हणायची, "दिवसभर उभीच तर असते." मी आग्रह केला की म्हणायची, रिकाम्या हातानं बाई मैदानात फिरते का कधी? रिकाम्या हातानं फिरतात ते सरकारी लोक.

मला वाटलं, लोक येत नाहीत कारण चालायला नीट वाट नाही. कॉलेजच्या क्रीडांगणावर पांढऱ्या रेघांच्या आत चालताना कसं बरं वाटायचं, पाय आपोआप पुढे जायचे. मी सरांकडे चुना मागितला. त्यांनी क्रीडांगणाच्या कोठीतून अर्धं पोतं दिलं आणि सांगितलं की वाट होईल तितकी कडेनं घे, म्हणजे फेरी लांब होते.

तो रविवार होता. बाबूजींची ड्यूटी होती आणि आई प्रेम नगरला मावशीकडे गेली होती. नाहीतर कोणीतरी मला थांबवलंच असतं.

मैदानाची कड कुठे आहे हे शोधताना मला गवतात हद्दीचे दगड सापडले. जुने, घडीव, त्यांच्यावर कोरलेला बाण आणि एक आकडा. असे तीन कोपरे मिळाले, चौथा मिळेना. पण आयताचे तीन कोपरे असले की चौथा काढता येतो, हे मला येत होतं, आणि येत होतं याचा आनंदही होता. मी खिळे ठोकले, दोरी ताणली, आणि दोरी आमच्या घराच्या मागच्या भिंतीला जाऊन लागली. मी समजले, दोरी सरकली. पुन्हा ताणली. तिसऱ्यांदा ताणली तेव्हा दोन्ही टोकांना विटा ठेवल्या. चौथा कोपरा दर वेळी माझ्या खोलीच्या आतच येत होता, साधारण पलंगाच्या उशाशी.

मी काय केलं, ते लिहायला आज संकोच वाटतो. मी वही काढली आणि त्या जागी हिंदीत लिहिलं, 'बाधा: एक कमरा', म्हणजे वाटेतला अडथळा, एक खोली. जशी दुसऱ्या बाजूला लिहिली होती, 'बाधा: गोबर के कंडे', 'बाधा: स्नानघर'. मग भिंतीपर्यंत चुन्याची रेघ ओढली, भिंतीला वळसा घातला आणि पलीकडून पुन्हा सुरू केली. मनात म्हणत होते की दगडच चुकीचे रोवले असतील.

आमच्या मोहल्ल्यात चुन्याची रेघ त्याआधी एकदाच आली होती, सडकेच्या बाजूला. आठ दिवसांनी सरकारी माणसांनी तिथल्या दुकानांचे पुढचे पत्रे काढले होते. ते मी शाळेतून येताना बघितलेलं होतं. तरी हातात चुन्याचं डबडं घेऊन तीन तास वाकून चालताना मला ते एकदाही आठवलं नाही.

कोणी मला रागावलं नाही. तेच चमत्कारिक होतं. चाचीनं म्हशी सोडल्या आणि अंगणात नेऊन बांधल्या. कोणीतरी भिंतीला टेकवलेली खाट आत ओढली. गार्डसाहेब अंगात सदरा घालून, बटणं लावून बाहेर आले आणि माझ्याशी पहिल्यांदाच इतक्या अदबीनं बोलले.

"बिटिया, कब तक का टाइम है?"

मला वाटलं, ते चालण्याच्या उपक्रमाबद्दल विचारतायत. मी उत्साहानं म्हटलं, "एक महीना, अंकलजी."

ते मान हलवत आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी उजाडता उजाडता मैदानात आले तर रेघ नव्हती. पावसानं किंवा जनावरांनी पुसली असती तर तुकडे तरी राहिले असते. ही कोणीतरी मन लावून पुसली होती. झाडून, वर पाणी मारून आणि चारही बाजूंनी शेवटपर्यंत. ओल्या मातीवर खराट्याचे फराटे स्पष्ट दिसत होते. मला सरळ चाचीचा संशय आला. तिच्या दाराशी खराटा होता आणि तो ओला होता. मी तो हातात घेऊन बघितला. चाची आतून बघत होती. ती काही म्हणाली नाही, आणि न बोलणं हा मला गुन्ह्याचा पुरावाच वाटला. आता विचार करते तर तिचा खराटा सकाळी ओलाच असायचा. ती रोज गोठा धुवायची.

घरी आले तर आई मोरीपाशी घमेल्यात पाय सोडून बसली होती. टाचांच्या भेगा लाल झालेल्या. शेजारी खोबरेल तेलाची वाटी. घमेल्यातलं पाणी दुधासारखं पांढरं होतं.

"आई, तू पुसलीस?"

"मग कोण पुसणार? सगळे नुसते बघत बसले होते."

"चाचीच्या म्हशींसाठी?"

"चाचीच्या म्हशींचं मला काय करायचंय." तिनं एक पाय बाहेर काढून पदरानं पुसला. "तू कुठे बसून वाचतेस ते बघ आधी."

मग तिनं सांगितलं. खोली बांधताना मी बघितली होती, पण दगडाचं मला काही माहीत नव्हतं. मी दहावी पास झाले तेव्हा घरात खोल्या दोनच होत्या, आणि दोन्हीत माणसं. बाबूजींनी लागोपाठच्या रविवारी सायकलवरून विटा आणल्या. मैदानाकडच्या बाजूला पाया खणताना मध्ये दगड लागला. तो त्यांनी एकट्यानं पहारीनं उपसला. टाकून द्यायला नको म्हणून खोलीच्या दाराशी पायरी करून बसवला.

"तू रोज त्याच्यावर पाय देऊन आत जातेस," आई म्हणाली. "सगळ्या गल्लीला माहीत आहे. सगळ्यांच्याच घरात असं काही ना काही आहे. म्हणून कोणी कोणाचं बोलत नाही."

मी म्हटलं की मला मोजायचं नव्हतं, मला लोकांनी चालावं असं वाटत होतं.

"चालायला मोजावं लागतं का?"

मी बाहेर जाऊन पायरीशी बसले. दगडाच्या आतल्या अंगाला, मातीत अर्धा बुडालेला, बाण होता. बोटानं माती काढली तर आकडाही होता. मी माती परत लोटून दाबली.

बाबूजी संध्याकाळी आले. आईनं त्यांना काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. जेवताना त्यांनी एवढंच विचारलं, की हे तुझ्या सरांनी स्वतःच्या मनानं काढलं, की त्यांना कोणी करायला सांगितलं? मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, पूछ के आना. मी विचारलं नाही, पण त्या दिवसापासून सरांकडे माझं बघणं बदललं. ते तास संपल्यावर थांबले की मी बघायची, कोणासाठी थांबलेत. त्यांच्या खोलीत एकदा फाइल घेतलेला एक माणूस बसलेला दिसला, तर मी जिन्याशी उभी राहून तो जाईपर्यंत थांबले. माणूस बहुधा विम्याचा होता. मला तेव्हा तसं वाटलं नाही.

गल्लीचा संशय आमच्यावर होता. लेक सरकारी दफ्तरासाठी मोजते आणि मताई, म्हणजे आई, पुसल्याचं नाटक करते, असं कोणीतरी म्हणालं आणि ते आमच्यापर्यंत येईल अशा बेतानं म्हणालं. आईला ते फार लागलं. दुसऱ्या सकाळी ती दुधाची रिकामी डोलची हातात घेऊन मागच्या दारानं बाहेर पडली आणि मैदानाच्या कडेनं चालायला लागली. चुना कुठे राहिलाय का, ते बघायला. मी विचारलं तर तिनं हेच सांगितलं. तो पूर्ण वळसा होता. रेघ पुसताना तिनं घातला होता तो पहिला, हा दुसरा.

चाचीनं हे बघितलं. आई वाकून काय बघते, ते तिला कळेना. तिसऱ्या दिवशी तीही निघाली, चार पावलं मागे. चाची निघाली म्हणून समोरची सून निघाली. गार्डसाहेबांना दोन्ही बायकांचा संशय आला. ते काठी घेऊन उलट्या दिशेनं चालायला लागले, म्हणजे प्रत्येक फेरीत सगळ्यांची तोंडं दिसतील. मी रजिस्टर घरीच ठेवलं होतं. एक दिवस काढलं असतं तरी सगळे दारं लावून बसले असते, याची मला खात्री आहे.

असे एकेक करत लोक आले. कोणी चालायला आलं नव्हतं. जो तो दुसरा काय करतोय ते बघायला आला होता, आणि बघायचं तर मागोमाग जावं लागायचं. पंधरा-वीस दिवसांत सकाळी मैदानात इतकी माणसं झाली की हातपंपाशी एकमेकांना वाट द्यावी लागायची. आईची एक फेरी होती ती चारांवर गेली. पायाची सूज उतरली हे तिनं सांगितलं नाही, पण तिच्या जुन्या चपला तिला पुन्हा व्हायला लागल्या, ते मी बघितलं.

बोलणी व्हायची, तीही टोचूनच. चाची मागून म्हणायची, "काए मराठिन बाई, दूध बहुत दूर से ला रईं आजकल?"

आई मागे न बघता म्हणायची, "पास वाला पतला आता है, चाची."

त्यावर सगळ्यात आधी हसली ती चाचीच.

माझ्याकडे मात्र कोणी हसून बघत नव्हतं. मी आईच्या मागे चालायची. माझे हात कुठे आहेत, हे लोक बघायचे. म्हणून मीही एक पिशवी घेऊन निघायला लागले, रिकामीच.

पोत्यात चुना उरला होता. परत नेऊन द्यावा तर पुन्हा गल्लीतून चुना नेताना दिसणार. बाबूजींनी एका सुटीच्या दिवशी तो कालवला आणि माझ्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला दोन हात दिले. आई कपाळावर हात मारून बसली. मैदानाच्या कडेला सगळ्या मळकट भिंती, आणि त्यात ही एकच लख्ख पांढरी, थेट सडकेवरून दिसेल अशी. एवढं लपवायचं ठेवून हेच रंगवलंत, असं ती त्यांना ऐकवत राहिली. बाबूजी म्हणाले की उरलेली वस्तू वाया का घालवायची.

पण झालं काय, की लोक तिथून फेरी मोजायला लागले. पांढऱ्या भिंतीपासून निघायचं, पांढऱ्या भिंतीशी आलं की एक. गार्डसाहेब भिंतीला काठी टेकवून मोठ्यानं आकडा म्हणायचे.

महिना संपला. नकाशा द्यायचा होता. मी तो तीनदा काढला. पहिल्यात हद्दीचे तीन दगड होते आणि चौथा तुटक रेघेनं दाखवलेला. तो मी चुलीत घातला. दुसऱ्यात आमचं घर मी थोडं मागे सरकवलं. ते बघून मला रात्रभर कसंतरी झालं, कारण मी कधी खोटी वही लिहिली नव्हती. तिसऱ्यात मी कडा काढल्याच नाहीत. कडुनिंब काढला, हातपंप काढला, फेरीची वाट पावलांत मोजून लिहिली. जिथे वहीत 'बाधा: एक कमरा' असं होतं, तिथे नकाशात लिहिलं, 'आरंभ: सफ़ेद दीवार'. मला वाटतं, दोन्ही खरं होतं. पण कच्ची वहीही सोबत जोडायची होती, तसा नियम होता, आणि तिच्यातलं पान मला फाडता आलं नाही.

सरांनी आधी रजिस्टर उघडलं. ते कोरं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं की लोक येतात, पण नाव लिहीत नाहीत. किती येतात, विचारलं. मी सांगितलं. त्यांचा विश्वास बसला की नाही, ते चेहऱ्यावरून कळेना. मग नकाशा बघितला. मग वही चाळत चाळत त्या पानावर आले आणि थांबले. नकाशा शेजारी ठेवला. त्यांचं बोट वहीतल्या ओळीवर होतं आणि डोळे नकाशावर.

"ये दीवार किसकी है?"

 मला वाटलं, आता ते विचारतील कोणासाठी लपवलंस. मला 'पता नहीं, सर' म्हणता आलं असतं.

"हमारी है, सर. मेरे पढ़ने का कमरा है."

त्यांनी वही मिटली.  बाहेर शिपाई घंटा देत होता. मग त्यांनी नकाशा उचलून माझ्यासमोर धरला आणि विचारलं की झाडं आणि बाकं हवी असतील तर तो वर पाठवावा लागेल, आणि वरून कोणीतरी जागा बघायला येईल. "भेजूँ?"

मी गल्लीतल्या सगळ्यांना आठवायचा प्रयत्न केला, उन्हात हातपंपाशी टेकणारे, फेरी संपल्यावर बसायला जागा नसणारे. पण खरं सांगायचं तर मला माझं टेबलच दिसत होतं.

"रहने दीजिए, सर."

त्यांनी नकाशावर सही केली आणि तो माझ्या हातात परत दिला. वहीसुद्धा. इतर मुलांचे कागद त्यांनी ठेवून घेतले होते. हे त्यांनी माझ्यावर दया म्हणून केलं, की त्यांनाच वर काही पाठवायचं नव्हतं, हे मला कधी कळलं नाही. पुढचे कित्येक महिने गल्लीत अनोळखी स्कूटर थांबली की मी पुस्तक खाली ठेवून कान द्यायची.

कोणी आलं नाही. झाडं आणि बाकंही आली नाहीत. ते माझ्यामुळे, हे गल्लीत अजून कोणाला माहीत नाही. मी इथेच पहिल्यांदा सांगते आहे.

मी सुटीत घरी गेले की सकाळी बघते. माणसं चालत असतात. आईच्या हातात डोलची असते. अजून रिकामी. कोणी नवीन माणूस रिकाम्या हातानं चालताना दिसला तर गार्डसाहेब त्याला थांबवून विचारतात, कौन से मकान से हो भैया. फेऱ्या झाल्या की आई आणि चाची पांढऱ्या भिंतीशी येऊन माझ्या खोलीच्या पायरीवर बसतात, दोघी मावतील एवढीच ती आहे. बसताना आई पदर असा सोडते की दगडाची आतली बाजू झाकली जाते.